मूठ आतल्या बाजूला

१

लॉइड बर्चेटला बायको निवडायला जेवढा वेळ लागला नाही तेवढा पिस्तूल निवडायला लागतो, असं नोला चारचौघांत म्हणायची. निवडलेली बायको तीच असल्यामुळे तिला ते म्हणायचा हक्कही होता. दर वर्षी अमेरिकेतल्या टेनेसीच्या डोंगरावरची पानं तांबडी व्हायला लागली की लॉइड आपल्या संग्रहात एका पिस्तुलाची भर घालायचा. ते स्वस्तातलं चालायचं नाही, कारण मग नेमबाजी क्लबातले लोक टिंगल करत. महागातलंही चालायचं नाही, कारण मग नोला स्वयंपाकघराच्या गळक्या छताकडे नुसती बघत बसे. मधल्या किमतीचं काहीतरी शोधायचं, आणि त्यासाठी जडच्या बंदुकांच्या दुकानात तीन-चार शनिवार घालवायचे, हा त्याचा सण होता.

या वर्षी त्याला पूर्ण मुठीचं हवं होतं. हल्ली खिशात मावणाऱ्या आखूड पिस्तुलांची टूम निघाली होती. ती धरली की लॉइडची करंगळी खाली अधांतरी राही, आणि तो ती करंगळी सगळ्या दुकानाला दाखवत कुरकुर करी.

"हात आहेत की फावडी?" जड म्हणाला. "तुला मूठ नको, कुदळीचा दांडा हवा."

"जन्मभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्यात. बोटं तुझ्यासारखी बटणं दाबून नाही वाढली."

जडने काउंटरवर हिरवं कापड अंथरलं आणि एकेक पिस्तूल काढलं. प्रत्येक वेळी त्याने मुठीतलं गोळ्यांचं मॅगझिन काढून बाजूला ठेवलं, वरची सरकती स्लाइड मागे ओढून अडकवली, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्यात, गोळी नाही हे बघितलं, लॉइडला दाखवलं आणि मूठ त्याच्याकडे करून पुढे धरलं. हातात आल्यावर लॉइडने तेच सगळं पुन्हा केलं. समोरच्याने आपल्या डोळ्यांदेखत तपासलेलं असलं तरी आपण पुन्हा तपासायचं, अशी तिकडची रीत आहे. त्यात अविश्वास नसतो. नमस्काराला नमस्कार करावा तसं ते असतं.

पहिलं नवीन होतं, हलकं, पण मुठीवरची नक्षी हाताला टोचत होती. दुसरं पोलादी आणि इतकं वजनदार की लॉइडला आपलं वय आठवलं. तिसरं कुणीतरी वापरून विकलेलं होतं. काळं, साधं, काठ थोडे झिजलेले. लॉइडने ते धरलं आणि त्याची चारही बोटं एकाखाली एक जागेवर बसली. करंगळीसुद्धा.

मूठ कोमट होती.

"दिव्याखाली होतं का हे?" त्याने विचारलं.

"खाली खणात होतं. का?"

"काही नाही. कुणाचं होतं?"

"कुणीतरी विकलं, मी घेतलं," जड म्हणाला. "हे दुकान आहे रे बाबा, चर्च नाही. मी कुणाचे कबुलीजबाब घेत नाही."

लॉइडने ते खाली ठेवलं, पहिलं पुन्हा हातात घेतलं, मग दुसरं. पण त्याच्या तळव्याला ते तिसरंच आठवत राहिलं. शेवटी त्याने तेच घेतलं, आणि पहिल्याच शनिवारी निवड झाली म्हणून जडने दुकानातल्या गिऱ्हाइकांना टाळ्या वाजवायला लावल्या.

२

लॉइडची पिस्तुलांची तिजोरी मागच्या खोलीत होती. ती खोली खरं म्हणजे नोलाची. तिथे तिचं शिवणयंत्र होतं, गोधड्यांचे तुकडे होते, आणि खिडकीकडे तोंड केलेली तिची खुर्ची होती. तिजोरी तिच्या पाठीमागे, भिंतीला टेकून. माणसाच्या उंचीची, आतून करड्या मऊ कापडाने मढवलेली. नोला दिवसातले चार-पाच तास तिजोरीकडे पाठ करून शिवत बसे.

आत पिस्तुलं ठेवायची लॉइडची एकच पद्धत होती. नळी मागच्या भिंतीकडे, मूठ दाराकडे. दार उघडलं की मूठ हातात यावी. गोळ्यांचा डबा वेगळा, गॅरेजमधल्या कपाटात, कुलपात.

नवं पिस्तूल त्याने क्लबच्या मैदानावर नेलं, पुठ्ठ्यावर गोळ्या झाडल्या, समाधानाने परत आणलं, रिकामं केलं आणि मधल्या फळीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी चर्चहून आल्यावर तेल द्यायला म्हणून त्याने तिजोरी उघडली, आणि तो एक पाऊल मागे सरला.

नळी त्याच्याकडे होती.

"नोला, तू तिजोरी उघडली होतीस?"

"मला काय करायचंय तुझ्या तिजोरीत?" ती स्वयंपाकघरातून ओरडली. "मक्याचा पाव जळतोय इथे."

लॉइडने हात वाकडा करून, नळीच्या वाटेतून बाजूला राहून, पिस्तूल उचललं. मूठ कोमट होती. कुणीतरी आत्ताच खाली ठेवलेल्या कपासारखी. त्याने सवयीने मॅगझिन काढलं, स्लाइड मागे ओढली. चेंबरमधून एक गोळी उसळून बाहेर पडली आणि नोलाच्या खुर्चीखाली घरंगळत गेली.

तो गुडघ्यावर बसून ती शोधत राहिला, आणि शोधता शोधता त्याने कारणही शोधून काढलं. आधी मॅगझिन, मग स्लाइड. हा क्रम तो क्लबात नव्या लोकांना गेली कित्येक वर्षं शिकवत होता. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मॅगझिन मागाहून काढलं, तर चेंबरमधली गोळी बाहेर पडते, पण मॅगझिनमधली पुढची वर चढते. रिकामं वाटणारं पिस्तूल भरलेलं राहतं. दर वर्षी कुणीतरी हीच चूक करून आपल्या टीव्हीला नाहीतर पायाला भोक पाडून घेतो, आणि लॉइड त्याची गोष्ट पुढच्या वर्गाला रंगवून सांगतो.

काल मैदानावर गप्पा चालल्या होत्या. गप्पांच्या नादात क्रम उलटा झाला असणार. आणि ठेवलंही असेल उलटं. असं त्याने ठरवलं आणि नोलाला काही सांगितलं नाही.

३

त्या आठवड्यात तो रिकामं करताना मोठ्याने बोलू लागला. "आधी मॅगझिन. मग स्लाइड. बघितलं. बोट घालून बघितलं." मॅगझिन त्याने तिजोरीत ठेवलंच नाही. ते स्वयंपाकघराच्या खणात, चमच्यांच्या मागे दडवलं. आता मॅगझिनच नाही म्हटल्यावर क्रम चुकायचा प्रश्नच उरत नव्हता.

दोन दिवसांनी, दुपारी नोला शेजारी गेली असताना, त्याने तिजोरी उघडली. नळी त्याच्याकडे. चेंबरमध्ये गोळी.

बाकीची सगळी पिस्तुलं जशीच्या तशी, मुठी दाराकडे, शहाण्या मुलांसारखी ओळीत होती. हे एकच फिरलेलं. लॉइड बराच वेळ बघत उभा राहिला. उलटं ठेवलंय, असं आत्तापर्यंत तो मनाशी म्हणत होता. पण आज त्याला दिसलं की उलटं असं काही नव्हतंच. तिजोरीच्या आतल्या बाजूला जर कुणी उभं असेल, तर त्याच्या हाताला मूठ अगदी बरोबर येत होती.

हा विचार आला तसा त्याने झटकून टाकला. तिजोरी जेमतेम हातभर खोल. मागे भिंत. भिंतीमागे अंगण. त्याने आत हात घालून मागचं मऊ कापड चाचपलं, मग बाहेर जाऊन घराची भिंतही बघून आला. भिंतीला नोलाची वेल होती आणि वेलीवर एक मरतुकडी मधमाशी.

मग तो गॅरेजमध्ये गेला. कपाटाला कुलूप होतं, किल्ली त्याच्याच खिशात. त्याने डबा उघडला. गोळ्या नीट उभ्या होत्या, आणि कोपऱ्यातली एक जागा रिकामी होती. हातातली गोळी त्याने त्या जागी घातली. ती बसली.

लॉइड तिथेच तेलाच्या पिंपावर बसला. किल्ली आपली, डबा आपला, तिजोरीचा आकडा फक्त आपल्याला ठाऊक. मग हे सगळं करतंय कोण, याचं उत्तर शाळेतलं पोरही देईल.

४

लॉइडचे वडील असेच गेले होते. आधी चष्मा फ्रिजमध्ये सापडायला लागला, मग बूट ओव्हनमध्ये. तिकडे अशा वेळी घरच्यांनी काय करायचं ते ठरलेलं असतं. पहिल्यांदा गाडीच्या किल्ल्या काढून घ्यायच्या, मग बंदुका. लॉइडनेच वडिलांच्या बंदुका एका रविवारी, ते झोपलेले असताना, ट्रकमध्ये भरून नेल्या होत्या. उठल्यावर म्हाताऱ्याने रिकाम्या कपाटात डोकं घालून किती तरी वेळ पोराच्या नावाने हाका मारल्या.

आपली पाळी इतक्या लवकर येईल असं लॉइडला वाटलं नव्हतं. त्याला भीती वाटत होती, सरळसरळ भीती. पण स्वतःच्या डोक्यापेक्षा जास्त भीती त्या खुर्चीची होती. नोला आत शिवत बसली की तो काही ना काही निमित्त काढून दारात जाऊन उभा राही. तिचं डोकं खाली वाकलेलं, मानेवर पांढरे केस, यंत्राची घरघर, आणि पाठीमागे ते बंद दार.

"इथे का घुटमळतोयस?" ती म्हणायची. "सुईत दोरा ओवून देणार आहेस का?"

"खुर्ची जरा बाजूला घे की. तिकडे उजेड बरा आहे."

"खिडकी इकडे आणि उजेड तिकडे? काय झालंय तुला?"

काय झालंय हेच तर सांगता येत नव्हतं. सांगितलं तर आपण वडिलांच्या वाटेला लागलो हे कबूल करायचं. न सांगावं तर एक दिवस... त्यापुढचं वाक्य तो मनातही पुरं करत नसे. शेवटी त्याने ठरवलं की ते पिस्तूल जडला परत द्यायचं. वाट्टेल त्या किमतीला.

सकाळी उजेडात, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, त्याने ते रिकामं केलं. मोठ्याने म्हणत. बोट घालून. मॅगझिन एका खिशात, पिस्तूल दुकानातून आलेल्या त्याच्या डब्यात, डबा ट्रकमध्ये शेजारच्या सीटवर. रस्ताभर त्याने डब्यावर एक हात ठेवला होता. दुकानात जाऊन डबा उघडला, आणि आपण पुन्हा तपासायच्या आत, घाईने, मूठ पुढे करून त्याने ते जडच्या हातात दिलं.

जडने रीतीप्रमाणे स्लाइड ओढली. गोळी हिरव्या कापडावर पडली.

दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. ती काउंटरपासून मागे सरली. भरलेलं पिस्तूल काउंटरवरून दुसऱ्याच्या हातात देणारा माणूस त्या गावात दारुड्यापेक्षा वाईट ठरतो, आणि लॉइड तर क्लबात हेच शिकवत असे.

"लॉइड," जड हळूच म्हणाला. टिंगल करायची त्याची रोजची संधी होती आणि त्याने ती घेतली नाही. "बस जरा. मी नोलाला फोन करतो."

५

नोला रडली नाही. तिने सगळं ऐकून घेतलं, जडला कॉफी दिली, आणि मग दोघांनी मिळून जे करायचं ते केलं. गोळ्यांचा डबा आणि सगळी मॅगझिनं जड आपल्या गाडीत घेऊन गेला. जाण्याआधी त्याने तिजोरीतलं एकेक पिस्तूल तपासलं, परत आणलेलंही, आणि नोलाने प्रत्येकाच्या चेंबरमध्ये स्वतः बोट घालून खात्री करून घेतली. मग तिने तिजोरीचा आकडा बदलला. आकडा दाबताना लॉइडला पाठ फिरवायला सांगितली.

"हवं तर ते एक मी दुकानात ठेवतो," जड म्हणाला.

"नाही," नोला म्हणाली. "डॉक्टर बघेपर्यंत एकही या घराबाहेर जाणार नाही. याच्या बापाचं झालं तसं मी याचं होऊ देणार नाही. बरा झाला तर सगळी याच्या हातात परत देईन, माझ्या हाताने."

लॉइडला त्या क्षणी बोलता आलं असतं. घेऊन जा म्हणून जडचे पाय धरता आले असते. पण त्याला नोलाचं ते बोलणं ऐकून भरून आलं. शिवाय, खरं सांगायचं तर, त्याला सुटल्यासारखं वाटत होतं. दोष आपल्या डोक्यात आहे. म्हणजे तिजोरीत काही नाही. म्हणजे नोलाला धोका नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो पोटभर जेवला.

त्यानंतरचे आठवडे त्याने दिवाणखान्यात बसून काढले. मागच्या खोलीतून यंत्राची घरघर येई. मध्येच ती थांबली की त्या शांततेत, अगदी स्पष्ट, पोलादावरून पोलाद मागे सरकल्याचा आणि परत पुढे आल्याचा आवाज येई.

"ऐकलंस?" तो विचारायचा.

"कात्री ठेवली मी," नोला आतून म्हणायची. कधी म्हणायची, "खुर्ची करकरली."

लॉइड मान हलवायचा. वडिलांनाही शेवटी शेवटी आवाज ऐकू येत. आजार आहे, तो स्वतःला समजवायचा, आणि आजाराचाच आधार घेऊन डोळे मिटायचा.

६

शहरातली डॉक्टर तरुण होती. तिने त्याला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शब्द पाठ करून घेतले, उलट मोजायला सांगितलं, मोठ्या यंत्रात घालून डोक्याची चित्रं काढली. मग दोघांना समोर बसवलं.

"मिस्टर बर्चेट, तुम्हाला काही झालेलं नाही," ती हसून म्हणाली. "डोकं अगदी ठणठणीत. तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे."

"नीट बघा," लॉइड म्हणाला.

"दोनदा बघितलंय."

"पुन्हा एकदा बघा ना, बाई."

डॉक्टरला ही थट्टा वाटली. नोलाने तिचा हात धरला आणि इतके दिवस आवरलेलं रडू तिथेच सोडून दिलं.

परत येताना ट्रक तिनेच चालवला. ती सारखी बोलत होती. दमला असशील, झोप कमी पडते तुला, जडही काही धुतल्या तांदळासारखा नाही, त्यानेच काही गोंधळ घातला असेल. वाटेत थांबून तिने ॲपल पाय घेतला. लॉइड खिडकीबाहेर बघत होता. दोष डोक्यात नाही, म्हणजे तिजोरीत काहीतरी होतं.

"नोला, तिजोरी उघडू नकोस."

"वेडा आहेस का? डॉक्टरने सांगितलं ना आत्ता, नाहीयेस म्हणून." आपल्याच विनोदावर ती हसली. "मी शब्द दिलाय. आज सगळी तुझ्या हातात देणार."

"जडला येऊ दे. जड आला की उघडू. किंवा मला आकडा सांग, मी एकटा उघडतो, तू बाहेर थांब."

"लॉइड बर्चेट," ती मायेने म्हणाली, "घाबरून राहायचे दिवस संपले."

त्याने सगळं सांगायला तोंड उघडलं. कोमट मूठ, फिरलेली नळी, आवाज. सांगितलंही, भरभर, जमेल तसं. नोलाने ऐकलं, त्याच्या गुडघ्यावर थोपटलं आणि म्हणाली, "म्हणूनच तर उघडून दाखवायला हवी. एकदा बघितलंस की जाईल डोक्यातून." तिच्या जागी तो असता तर तोही हेच म्हणाला असता.

घर आलं. ट्रक थांबल्याबरोबर ती उतरली, किल्ल्या खुळखुळवत पायऱ्या चढून गेलीसुद्धा. लॉइडने पट्टा सोडवला. एवढा वेळ बसून आखडलेला गुडघा जमिनीवर टेकेना. "नोला, थांब!" तो ओरडला. आतून आकड्याची बटणं दाबल्याचे बारीक आवाज आले.

तो कठडा धरून वर चढला, भिंती धरत मागच्या खोलीच्या दारात आला. तिजोरी सताड उघडी होती. नोला तिच्यापुढे, त्याच्याकडे तोंड करून, दोन्ही हात पसरून उभी होती. दोघांच्या मध्ये तिचं यंत्र आणि खुर्ची.

"ये," ती म्हणाली. "सगळी तुझी."

तिच्या खांद्यामागे फळ्या दिसत होत्या. बाकीची पिस्तुलं मुठी पुढे करून ओळीत पडलेली. ते मात्र फळीवर नव्हतं. फळीच्या वर, माणसाच्या कोपराच्या उंचीवर, कशालाही न टेकता होतं. नळी नोलाच्या पाठीकडे. दुपारचं ऊन थेट तिजोरीत पडलं होतं, मागचं करडं कापड दिसत होतं, फक्त मुठीभोवती तेवढं ऊन पोचत नव्हतं. तिथे काहीतरी बोटांसारखं आवळलेलं होतं, एकाखाली एक, खालच्या टोकापर्यंत.

स्लाइड मागे गेली आणि पुढे आली. सावकाश, नीट शिकलेल्या हाताने.

हा आवाज या वेळी नोलालाही आला. तिचे पसरलेले हात थोडे खाली आले.

"माझ्याकडे बघ," लॉइड म्हणाला. आवाज जमेल तेवढा साधा ठेवून. "फक्त माझ्याकडे बघ, आणि चालत ये."

पण इतक्या वर्षांच्या संसारात बाईला नवऱ्याचा साधा आवाज ओळखू येतो. तिचं हसू मावळलं.

"काय आहे माझ्या मागे?" तिने विचारलं, आणि ती वळली.